केळीवाल्या बाईंची करमाफी

"टेशा, आत गेल्यावर तुम्ही तोंड उघडायचं नाही. बोलणं सगळं माझ्याकडे," जिना चढतानाच आइकांडेबाईंनी बजावलं.

किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मोशी शहराच्या कर कचेरीत दोघं करमाफीसाठी आले होते. डोंगरउतारावर केळीच्या बागा मर रोगाने आडव्या होत होत्या. उपाय शोधेल त्याला बक्षीस द्यायचं म्हणून बाईंनी लोकवर्गणी उभी केली, घराघरातून फोनवर पैसे आले. आता संस्थेला धर्मादाय म्हणून मान्यता हवी होती. ती मिळाली नाही तर बक्षिसाला कराची कात्री लागणार, आणि बाहेरगावचे मोठे देणगीदार शब्द मागे घेणार. बाईंची स्वतःची अर्धी बाग गेली होती.

खजिनदार टेशा घामाघूम झाला होता. "बाई, साहेब कडक आहेत म्हणे."

"दारावरची पाटी वाचा की! म्सांगी. म्हणजे पारे माणूस. आपण चग्गा. काम झालंच म्हणून समजा."

चग्गा आणि पारे या शेजारशेजारच्या जमातींचं थट्टेचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं. भेटले की एकमेकांची यथेच्छ खेचायची, अगदी मयताच्या घरीसुद्धा. रागावला तो हरला. आणि खेचून झाली की एकमेकांचं अडलेलं काम करून द्यायचं, हाही रिवाजच.

आत खुर्चीवर एक किडकिडीत गृहस्थ बसले होते.

"काय हो कंजूष," बाई बसता बसता म्हणाल्या, "चहासुद्धा विचारत नाही? साखर कुलपात ठेवता वाटतं?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "संस्थेचा पैसा कोणाच्या ताब्यात असतो?"

"माझ्या! चग्गा बाईच्या हातात गेलेला पैसा कधी परत आलाय?"

साहेबांनी लिहून घेतलं. टेशाने बाईंना कोपराने ढोसलं. बाईंनी त्याचा हात झटकला.

"बक्षीस कोणाला मिळणार?"

"माझ्या भाच्याला. केव्हाच ठरलंय. उपाय सापडो न सापडो, तो घराचा पाया खणून बसलाय."

"परीक्षक?"

"दीर आणि जाऊ. तुम्हालाही घेतलं असतं, पण तुम्ही पारे लोक, कोंबडी हरवली तरी कोर्टात जाता!"

"मी पारे नाही."

"हॉटेलचं बिल आलं की सगळे पारे हेच म्हणतात!" बाई खळखळून हसल्या. इतका पक्का गडी त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांना तो फार आवडला.

"हे सगळं सही करून द्याल?"

"आणा इकडे!" बाईंनी झोकात सही ठोकली.

बाहेर आल्यावर टेशा कुजबुजला, "बाई, ते एकदाही हसले नाहीत हो."

"तेच तर कसब! आता घरी जाऊन बायकोला सांगतील आणि पोट धरधरून हसतील. तुम्ही बक्षिसाच्या समारंभाचा मांडव ठरवा."

तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत जिना चढून आले. बाईंना बघताच त्यांनी दोन्ही हातांनी आपले खिसे दाबून धरले.

"अरे बापरे, चग्गा! पाकिटं सांभाळा रे सगळ्यांनी!" सगळा जिना हसला. "तुम्हीच ना त्या केळीवाल्या बाई? मी म्सांगी. बस बिघडली हो, म्हणून उशीर. तुमचं काम आजच करून टाकतो, फक्त जरा दम धरा. वर्गणीच्या नावाखाली पैसे कोण खातं ते शोधायला राजधानीतून एक साहेब आलेत, आणि सकाळपासून माझ्याच खुर्चीत बसलेत."