रंगूबाईंचे पथ्य

पथ्य रंगूबाईंचे होते. रक्तातले कोलेस्टेरॉल मात्र त्यांच्या नवऱ्याचे वाढले.

१९५६ साली बारामतीच्या डॉक्टर परचुऱ्यांनी सांगवीच्या रंगूबाईंना मधुमेहासाठी भाकरी, भात आणि गूळ बंद करून अंडी, मटण व तूप सांगितले होते. तुलनेसाठी त्यांचे नवरे जोतीराम यांचेही रक्त आधी आणि तीन महिन्यांनी असे दोनदा पुण्याला पाठवले. रंगूबाईंची साखर जराही उतरली नव्हती. पायाची जखम सडून अंगठा काळा पडला होता.

“पथ्यात कसूर न्हाय, डॉक्टरसाहेब,” जोतीराम म्हणाले. “रोज सहा अंडी, वर तूप. समदं माज्या डोळ्यांदेखत शिजतंय.”

“रंगूबाई, ते तुम्ही खाता ना?”

“आधी बापयमाणसं जेवत्यात. मागनं आमी.”

“मग तुमच्या वाट्याला काय येतं?”

“भाकरी. उरला तर रस्सा.”

जोतीराम मोठ्याने हसले. “मग? बाईमाणसानं आधी ताटावर बसायचं व्हय?”

डॉक्टरांनी केसपेपरवर ‘कारण’ या शब्दापुढे लिहिले:

पथ्य पहिल्या पंगतीत संपते. रुग्ण दुसऱ्या पंगतीला बसते.