दुपट्यावरची विमानं

अठ्ठेचाळीस साली बाळंतपणाला माहेरी कुरुंद्याला आलेल्या कौसाला विमानं बघायचा नादच लागला. घरघर ऐकली की लेकरू काखोटीला मारून ती अंगणात धावायची आणि दिसलेलं प्रत्येक विमान लेकराच्या दुपट्यावर टाक्यांनी काढायची. हैदराबादकडं जाणारं लाल दोऱ्यानं, परतणारं निळ्यानं. ही खूण तिनं फक्त थोरल्या भावाला सांगितली होती. “येडीच हायेस गं,” म्हणत तो पोट धरून हसला होता. एके दिवशी भर दुपारी निजामाचा पोलीस जमादार दारात उभा राहिला. “विमानं मोजून दुश्मनाला खबर देऊन राहिली व्हय? लाल जाणारं, निळं येणारं, बराबर?” कौसानं भावाकडं पाहिलं. “दादा, सांग की ह्यांना, नुसता नाद हाय म्हून!”  दादानं दुपट्यावर निजलेलं लेकरू अलगद उचललं, तिच्या कुशीत ठेवलं आणि दुपटं नीट घडी घालून जमादाराला दिलं.