सढळ हात

बशीतल्या पेशी मेल्या नव्हत्या. उलट चांगल्या गुबगुबीत झाल्या होत्या.

"तुझ्या कॉम्प्युटरात मरतात आणि माझ्या बशीत बाळसं धरतात," सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढत थावोन सर म्हणाले. "अम्फाई, दुपारच्या बैठकीत हे औषध बाद."

"बैठकीपर्यंत थांबा, सर. माझा हिशेब चुकलेला नाही."

"गर्वाचं घर खाली, पोरी."

थायलंडातल्या खोन केनच्या त्या प्रयोगशाळेत अम्फाईने पित्तनलिकेच्या कर्करोगाची पेशी कॉम्प्युटरात उभी केली होती. ती काय खाते, काय रांधते, काय टाकून देते, सगळा संसार. त्यात जगायला लागणारा एक पदार्थ रांधायच्या दोन चुली होत्या. निरोगी पेशीच्या दोन्ही पेटतात, कर्करोगाच्या पेशीची एक मोडलेलीच असते. उरलेली हे औषध विझवणार होतं. रस्त्यापलीकडच्या वॉर्डात याच रोगाने पिवळी पडलेली माणसं वाट बघत होती, आणि त्यांना द्यायला दुसरं काही कुणापाशी नव्हतं.

तिने कॉम्प्युटरला उलटा प्रश्न घातला. दोन्ही चुली बंद असताना ही बया जगेल कशी? उत्तर आलं, एकच वाट आहे: तो पदार्थ कुणी बाहेरून आयता वाढला तर.

अम्फाई उठली ती थेट बुआलाई मावशीकडे गेली. पेशींना खाऊपिऊ घालणं मावशीचं काम. रक्तात असतं तेवढंच, बेताचं पोषण द्यायचं ठरलं होतं.

"मावशी, खरं सांगा. यांना वरून काही वाढलंत?"

मावशी ओशाळली. "सुकल्या होत्या गं. जुन्या बाटलीतलं कसदार पाणी होतं, त्यातलं घातलं थोडंसं. दारात आलेल्याला आपण आधी जेवलास का विचारतो. यांनाही जीव आहेच ना?"

अम्फाईला हसू आलं आणि गलबलूनही आलं. मावशीने नवऱ्यालाही असंच आयुष्यभर प्रेमाने वाढलं होतं. नदीची कच्ची मासळी, वर लिंबू पिळून. त्या मासळीतल्या जंतांनीच त्याला रोग लावला होता.

"मावशी, हा तोच रोग आहे. काकांचा."

मावशीने ती बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली.

सरांनी कुरकुरत एक आठवडा दिला. आठवड्याने त्यांनीच मावशीला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. एका बशीत निरोगी पेशी तेच औषध पिऊन, तेवढ्याच बेताच्या पोषणावर मजेत होत्या. कर्करोगाच्या बशीत नुसता गाळ उरला होता.

मावशी बराच वेळ वाकून बघत राहिली.

"माझ्या हातून उपाशी गेलेले हे पहिलेच," ती म्हणाली. मग तिने चिकट भाताची टोपली उघडली. "चला, तुम्ही दोघं जेवून घ्या आता."