दर्शनाचा नेम

मुलगा गंधार जपानला बौद्ध मूर्तींचा अभ्यास करायला गेला आणि इकडे आखातातल्या हिद्द शहरातल्या फ्लॅटमध्ये हेमाताईंनी नवा नेम धरला. त्याने पाठवलेल्या बुद्धाचं फोनवर दर्शन घ्यायचं, मगच तोंडात घास घालायचा. रोज नवं देऊळ, रोज नवी मूर्ती. फोटो न चुकता यायचा, पण खाली एक अक्षर नसायचं.

आज बारा वाजून गेले तरी फोटो नाही. वरणभात निवून गेला. शेवटी त्यांनीच फोन लावला.

"आई, आज म्युझियम होतं. आत फोटो अलाउड नाहीत. जेव ना तू, प्लीज! घरात देव्हारा आहे की."

"नेम आहे रे. मोडता नाही येत."

"तू पण ना! बरं थांब, बाहेरूनच काहीतरी पाठवतो."

फोटो आला. म्युझियमचं बंद दार आणि त्यापुढे गंधार. दाढी वाढलेली, अंगाने रोडावलेला, पण हसत होता. चार महिन्यांत पहिल्यांदाच फोटोत तो स्वतः होता.

हेमाताईंनी फोन देव्हाऱ्याशी टेकवून ठेवला, हात जोडले, शिऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि त्याच दिवशी नेमाचं उद्यापन केलं.