धाकल्याभोवतीचं पाणी

धुरपताबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. बघणाऱ्याला वाटलं असतं, सासू धीर देते आहे. खरं तर आधार त्यांनाच हवा होता.

सुकेशनी टेबलावर पडून छताकडं पाहत होती. परभणीच्या सविता मॅडमनी तिच्या पोटावर गार जेल लावलं आणि सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. पाचवा महिना सरत आला होता.

पोटात जुळं होतं आणि दोघांना पोसणारी वार एकच. त्या वारेतल्या शिरा एकमेकींना जोडलेल्या, म्हणून एकाचं रक्त दुसऱ्याकडं चाललेलं. जन्मभर रानात पिकाला पाणी देत दारं धरलेल्या धुरपताबाईंना हे कुणी फोड करून सांगावं लागलं नव्हतं. पाट एकच, पाणी सगळं थोरल्याच्या वाफ्यात, धाकल्याचा वाफा कोरडाठाक. थोरल्याभोवती पाणी इतकं तुंबलं होतं की सुकेशनीला धड श्वास घेता येईना, आणि धाकल्याभोवती थेंब नव्हता. पंधरा दिवसांमागं हैदराबादच्या डॉक्टरांनी पोटातून बारीक नळी आत घालून लेसरनं त्या शिरा जाळून बंद केल्या. दोघं वाचतील, एक वाचेल किंवा कुणीच नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघांचे ठोके लागले. पण पुढचे पंधरा दिवस जपायचे होते. ते आज भरत होते.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात धुरपताबाई सुनेला म्हणाल्या होत्या, "एक तरी हाती लागू दे माय. तेवढं लय झालं."

सुकेशनीनं त्यांच्याकडं पाहिलं होतं आणि एवढंच विचारलं होतं, "कोणतं, आत्याबाई?"

त्यानंतर दोघी एका ताटात जेवल्या. धुरपताबाईंनी तिची वेणी घातली, पाय चेपले, बोरीला घरी आल्यावर तिला चुलीपुढं बसू दिलं नाही. पण तो प्रश्न काही त्यांच्या घशाखाली उतरला नाही.

"हे थोरलं," मॅडम म्हणाल्या. यंत्रातून ठोके ऐकू आले, घाईघाईचे, ठणठणीत. मग त्यांनी यंत्र डावीकडं सरकवलं.

यंत्र थोडं वर नेलं, थोडं खाली आणलं, पडद्याजवळ वाकून पाहिलं. सुकेशनीची नखं सासूच्या तळहातात रुतली. धुरपताबाईंनी हात सोडवून घेतला नाही.

मग ठोके आले. थोरल्याइतके मोठे नव्हते, पण थांबतही नव्हते.

"हे धाकलं. ठोके चांगले हायत," मॅडम म्हणाल्या. "थांबा जरा, मी दुसरंच काहीतरी शोधायलेय." त्यांनी चित्र थांबवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "मावशी, इकडं या. हे काळं दिसतंय का, हरभऱ्याएवढं?"

धुरपताबाईंना सगळंच काळं दिसत होतं. तरी त्यांनी मान हलवली.

"ही लघवीची पिशवी. मागच्या एकाही सोनोग्राफीत ही दिसत नव्हती. आज भरलीय."

"म्हंजी?"

"म्हणजे त्याचं रक्त त्याच्याकडंच राहायलंय. लेकरू मुतायलंय, मावशी. त्याच्याभोवती पाणी साचलंय ना, ते त्याचंच."

धुरपताबाई पडद्याजवळ वाकल्या. "पोटातल्या पोटात?"

"पोटातल्या पोटात."

त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही दबलं नाही. "मुतू दे," त्या म्हणाल्या. "समदं अंथरूण भिजव म्हणावं." सुकेशनीला हसू आवरेना, तिचं पोट हलू लागलं, पडद्यावरची दोन्ही लेकरं हलू लागली, आणि हसू नका म्हणून सांगता सांगता मॅडमही हसल्या. मग त्या सावरून म्हणाल्या, "अजून लांबचा पल्ला हाय. दर आठवड्याला यायचं, काही दुखलं खुपलं तर त्याच दिवशी यायचं. पण आज दोघंबी चांगली हायत."

मॅडम रिपोर्ट लिहायला बाहेर गेल्या. धुरपताबाईंनी कापडानं सुनेचं पोट पुसलं. डाव्या बाजूला त्यांचा हात थांबला.

"हितंच हाय ना धाकलं?"

"हो."

"मी तवा चुकीचं बोलले, सुकेशनी."

"तुमी भ्याल्या होत्या, आत्याबाई. मीबी भ्याले होते."

"त्येनं ऐकलं आसंल का?"

सुकेशनीनं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. "ऐकलं आसंल तर मोठं झाल्यावर भांडंल तुमच्यासंगं."

"भांडू दे," धुरपताबाई म्हणाल्या. "लय भांडू दे."

रिपोर्टला अर्धा तास लागणार होता. बाहेरच्या बाकड्यावर सुकेशनी सासूच्या मांडीवर डोकं टेकून आडवी झाली. बोलता बोलताच तिचा डोळा लागला. समोर माणसांची ये-जा चालू होती, एक बाई कुणाला तरी पाथरीच्या गाडीची वेळ विचारत होती. सुकेशनीला कशाचा पत्ता नव्हता. धुरपताबाई तिच्या कपाळावरचे केस मागं सारत बसल्या.

तेवढ्यात फोन वाजला. सिद्धोधन येलदरीच्या वीजघरातून बोलत होता. बायकोच्या ऑपरेशनला सगळी रजा संपल्यानं त्याला आज येता आलं नव्हतं. यंत्रांच्या घरघरीवरून तो ओरडून विचारत होता, "आई, काय झालं? काय म्हणल्या मॅडम? आई, बोल की. दोघं हायत का?"

धुरपताबाईंनी फोन तोंडाशी नेला.

"हळू बोल, बाबा," त्या म्हणाल्या. "तिघंबी झोपलेत."