धोंडीबा कुठं गेला?

पाहुण्यांनी पायांवर पाणी घेतलं, सतरंजीवर बसले आणि बूड टेकतं न टेकतं तोच मुलाच्या बापानं, चंद्रभाननं, विचारलं, "मालक दिसत न्हाईत घरी?"

सरजाबाईचं उत्तर तोंडपाठ होतं. मालक मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी नांदेडकडं गेलेत, लवकर काही परतायचे नाहीत.

चंद्रभान मिशीत हसला. पोरगी पाहायला आलेला माणूस थेट घरात शिरत नाही. आधी स्टँडवर चहा पितो आणि घराची चौकशी करतो. तशी त्यानंही केली होती. हॉटेलवाल्या नागनाथनं सांगितलं, धोंडीबा परभणीच्या बाजाराला गेलाय. शेजारची बायनाबाई म्हणाली, बहिणीकडं हळदीला गेलाय. आणि आता हे नांदेड. एकटा माणूस एका दिवसात एवढा हिंडतो, तर भलताच तुरतुरीत दिसतो, असं चंद्रभान म्हणाला आणि पुन्हा दाराकडं बघू लागला.

सरजाबाईनं मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं. खोटं बोला म्हणून तिनं अख्ख्या गल्लीच्या विनवण्या केल्या होत्या. कोणतं खोटं बोलायचं, ते तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. वर आणखी एक गोष्ट तिला खायला उठली होती. या लोकांनी गावात पोरीचं शिक्षण विचारलं नाही, वळण विचारलं नाही. जिथं तिथं नुसतं धोंडीबाचंच विचारत आले होते. म्हणजे कुणीतरी कान फुंकले होते.

धोंडीबा कुठंही गेलेला नव्हता. गावामागं मेंढवाड्यावर गुमान बसला होता. मागं एकदा त्याचं मन बिघडलं होतं. मेंढरं माळावर सोडून एकटाच घरी यायचा, रात्रंदिवस भिंतीशी बोलायचा. गावानं नावं ठेवली. आरोग्य खात्याच्या आशाताई सुकेशनीनं मात्र त्याला हाताला धरून गावातल्याच, राणीसावरगावच्या, सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं महिन्यातून एकदा मनाचा डॉक्टर बसतो. हळूहळू माणूस ताळ्यावर आला, कळप सांभाळू लागला. तेवढ्यावर थांबला असता तर सरजाबाईची काही तक्रार नव्हती. पण दवाखान्यानं बऱ्या झालेल्यांना साथी केलं, त्यात हा पुढं. डॉक्टर यायच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांच्या आधी हजर. नव्या माणसाजवळ जाऊन बसायचं, एवढंच काम. गाव विचारायचं नाही, आडनाव विचारायचं नाही. सरजाबाई तिकडं कधी फिरकली नाही. गोळ्या ती वेळच्या वेळी द्यायची, पण पाकीट ठेवायची ज्वारीच्या कणगीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा तिचा धर्म. पोरीची, दिपालीची, आधीची सोयरिक गोळ्यांच्या बातमीनंच मोडली होती. म्हणून आज हा उद्योग. धोंडीबानंही तोंड वाकडं केलं नव्हतं. माझ्यापायी पोरीचं अडू नये, एवढं म्हणून तो भाकर बांधून निघून गेला होता. त्याची पाठ दिसेनाशी होईस्तोवर सरजाबाई दारात उभी होती, आणि दिपाली सकाळपासून आईशी बोलत नव्हती.

तीच आता चहा घेऊन आली आणि पाटावर बसली. नवरा मुलगा रामप्रसाद बशीत डोळे घालून बसला. त्याची आई कासाबाई तर आल्यापासून मुकीच होती. चंद्रभाननं रीतीप्रमाणं नाव विचारलं, शाळा विचारली आणि मग वडील काय करतात ते विचारलं.

"मेंढरं राखतात," दिपाली म्हणाली.

सरजाबाईचा जीव भांड्यात पडला. पण पोरगी थांबली नाही.

"आन् मनाच्या दवाखान्यात नव्या माणसायजवळ बसतात. त्यायला सोताला बिमारी होती, गोळ्या अजून चालू हायेत. नांदेडला न्हाई गेले. मायनं त्यायला मेंढवाड्यावर बसवलंय."

दारातून डोकावणारी बायनाबाई तिथल्या तिथं गडप झाली. सरजाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. सोयरिक गेली, आणि घरादाराची अब्रूही गेली. आता बरे हायेत वो, पोरीचा काय गुन्हा, असं काहीबाही बोलता बोलता तिला रडू कोसळलं.

कासाबाईनं कपबशी खाली ठेवली आणि उठून तिच्याशेजारी येऊन बसली.

"मी बोलनं सोडलं होतं," ती म्हणाली. "घास गोड लागंना, मानूस नको वाटायचं. आमच्या गावात कुनाला कळू नये म्हनून यायनी मला तुमच्या गावच्या दवाखान्यात आनलं. मी रिक्षातून उतरायलाच तयार नव्हते. तवा एक मानूस येऊन रिक्षापाशी मातीत बसला. उतर म्हनला न्हाई. दिवसभर मेंढरायच्या गोष्टी सांगत ऱ्हायला. म्होरल्या महिन्यात परत तेच. त्याच्या एका खोडील बोकडाची गोष्ट ऐकून मला हसू आलं, आन् हसता हसता मी खाली उतरले."

चंद्रभान उगीचच पागोटं सारखं करू लागला. सरजाबाईला अजून उमगत नव्हतं. कासाबाईनं तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"इहीणबाई, पोरगी तं आमी नंतर पाहनारच होतो. आज ज्यायला पाहायला आलो, त्यायलाच तुमी लपवून ठेवलंय."