आखणीवाल्याचे डोळे

"आणि मशीन मध्येच बंद पडलं तर?" दीपकने पुन्हा विचारलं.

डॉक्टर देविकांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "बॅकअप असतो. आणि एका डोळ्याला मोजून काही सेकंदच लेझर लागतं."

"नेमकी तेव्हाच शिंक आली तर?"

लतिकाने भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे तोंड फिरवलं. चष्मा घालवायच्या ऑपरेशनपायी दादरच्या या दवाखान्याच्या खेपा घालून तिच्या चपला झिजल्या होत्या, आणि नवऱ्याचे प्रश्न काही संपत नव्हते. मागच्या वेळी वीज गेली होती, त्याच्या मागच्या वेळी भूकंप झाला होता. आज शिंक.

डॉक्टर बिचाऱ्या परत पहिल्यापासून सांगू लागल्या. तपासण्या चांगल्या आल्यात. सुरुवातीचे काही महिने डोळे कोरडे पडतील, थेंब घालावे लागतील. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतील, ती बहुतेकांची हळूहळू जातात. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण होतच नाही असं कुणी म्हणू नये. खर्च थोडा नाही, पण हप्ते पाडून मिळतील.

"खर्चाचं सोडा, माझी भिशी लागलीय," लतिका म्हणाली.

"आणखी एक. तुमची चाळिशी उलटलीय. लांबचा चष्मा सुटेल, पण जवळचा लागेल. आता चष्मा काढला की नाकाजवळचं बारीकसारीक दिसतं ना, ते तसं दिसायचं नाही."

"बघ!" दीपक खुर्चीत सरसावून बसला. "माझं सगळं काम जवळचं."

"काय काम करता?"

"गणपती रंगवतो. डोळे आखतो."

डॉक्टरांचा चेहराच बदलला. लालबागच्या कोणत्या मंडळाचा, मग ती मूर्ती तुमची का, दरवर्षी आमची आई त्या डोळ्यांसमोरून हलत नाही, असं बरंच बोलून झालं आणि शेवटी त्या म्हणाल्या, "मग मात्र नीट विचार करा. फार जबाबदारीचे डोळे आहेत."

ह्यासुद्धा त्यातल्याच निघाल्या! लतिकाचं डोकं उठलं.

"जवळचा चष्मा लावून आखता येतं की नाही?"

"येईल की. सवय होईपर्यंत जड जाईल."

"मग झालं तर," लतिका म्हणाली. पण दीपक तोवर उठून उभासुद्धा राहिला होता.

तिला दिसत होती ती मूर्तीभोवतीची बांबूंची परांची. गेल्या वर्षी मूर्तीच्या खांद्याला स्प्रेने रंग मारताना त्याच्या जाड चष्म्यावर रंगाचे तुषार बसले, घामाने चष्मा घसरला, आणि दोन बांबूंमधल्या पोकळीत पाय पडला. खाली मातीचा ढीग होता म्हणून पायावर निभावलं. यंदाची मूर्ती तर त्याहून उंच होती. कॉन्टॅक्ट लेन्सचं नाव काढलं तर हा माणूस दोन दिवस जेवला नव्हता.

गणपतीच्या कारखान्यात मालक चिंतामणीशेठना बातमी आधीच लागली होती.

"वेडा झालास काय रे?" ते दीपकवर उखडले. "परळपासून काळाचौकीपर्यंत आखणी म्हटली की तुझं नाव घेतात. पाय मोडला तर प्लास्टर घालता येतं. डोळ्यांचं काय करशील?"

मंडळाचे कार्यकर्ते माना डोलवत होते. दीपकही डोलवत होता.

शेजारी उभ्या लतिकाचा तोल गेला. "शेठ, ह्यांच्या डोळ्यांना काही झालं ना, तरी तुमच्या गणपतीचे डोळे अडायचे नाहीत."

दीपक खाली वाकून स्प्रेगन पुसायला लागला.

"वहिनी," शेठ हळू आवाजात म्हणाले, "मूर्तीसमोर असं अभद्र बोलू नये."

हे संध्याकाळपर्यंत घरी पोचलं. सासूबाईंनी ताट पुढे सरकवताना सुनावलं, "त्याच्या डोळ्यांवर घर चालतंय आणि तू त्याच्याच डोळ्यांचं वाईट चिंततेस?" लतिकाने दीपककडे पाहिलं. तो आमटीत काहीतरी शोधत होता. तिने हात टेकले. विसर्जनानंतर बघू, असं ठरलं. म्हणजे काय ठरलं ते तिला कळत होतं.

आखणीचा दिवस आला. सकाळी शेठनी मूर्तीसमोर धूप घातला आणि मूर्तीच्या तोंडाभोवती पांढरा पडदा बांधून घेतला. डोळे पुरे होईस्तोवर ते कुणी पाहायचे नाहीत, ही त्या कारखान्याची जुनी रीत. आत जायचं फक्त आखणीवाल्याने, आणि बॅटरी धरायला त्याच्या बायकोने. बाकी सगळे खाली मूर्तीकडे पाठ करून बसले.

दीपक परांचीवर एकेक बांबू चाचपत चढला. तो वर पोचेपर्यंत लतिकाचा जीव टांगणीला लागला होता. मागोमाग चढून पडद्याआड गेल्यावर तिने पदर खोचला.

"अजून रागावलीयेस?" तो कुजबुजला. "अगं, भीती वाटते मला. डोळ्याशी काही आलं की हातपाय गार पडतात."

"मग तसं सांगा ना चारचौघांत. आखणीवर कशाला ढकलता?"

"लोक हसतील."

"आणि खाली पडलात म्हणजे?"

खालून शेठचा आवाज आला, "दीपक, हात थरथरू देऊ नकोस रे!"

"नाही शेठ," दीपक पडद्याआडून ओरडला, त्याने बॅटरी नीट धरली, आणि लतिकाने दरवर्षीप्रमाणे कुंचला रंगात बुडवून गणपतीच्या डाव्या डोळ्याची पहिली रेघ ओढली.